पाण्यावर जड, वाटेवर हलकी

डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही १७१९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आपणांपैकी बहुतेकांनी वाचली असेल. मूळ नाही, तरी मुलांसाठी केलेला तिचा संक्षेप खासच वाचला असेल. निर्जन बेटावर अडकलेला क्रूसो सुटकेसाठी होडी करावयास घेतो. एक प्रचंड वृक्ष तो पाडतो. त्यात २० दिवस जातात. फांद्या छाटण्यात १४ दिवस जातात, बाहेरून आकार देण्यात एक महिना आणि आतून पोखरण्यात जवळजवळ तीन महिने जातात. होडी उत्तम साधते. २६ माणसे सहज बसावीत एवढी ती मोठी होते. पण पाणी तेथून १०० यार्डांवर असते, आणि होडी काही केल्या जागची हलत नाही. पाणीच होडीपर्यंत आणावे म्हणून तो कालव्याचा हिशेब मांडतो, तेव्हा एकट्या माणसाला त्यास १० ते १२ वर्षे लागतील असे निघते. होडी जन्मली तेथेच राहते.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, मोठ्या जहाजांच्या प्रतिकृती करून त्या रेडिओच्या साह्याने तलावात चालविण्याचा जो छंद जगभर आहे, त्यात क्रूसोची ही होडी वरचेवर जन्म घेते. कोणी माडीवरच्या खोलीत तीन-तीन, चार-चार वर्षे खपून सुंदर जहाज सिद्ध करतो, आणि मग ते जिन्याच्या वळणावरून उतरत नाही. कोणाचे जिन्यावरून उतरते, पण मोटारीत मावत नाही. कोणाचे तलावापर्यंत पोहोचते, पण घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर ते उचलताना मालकाची कंबर धरते आणि पुढे ते दिवाणखान्यातील शोभेची वस्तू बनते. अशा नौकेची बांधणी आणि तिची वाहतूक हे दोन वेगळे विषय नव्हेत, वाहतूक हा बांधणीचाच पहिला अध्याय होय, हे आज आम्हांला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभीच एक शंका दूर केली पाहिजे. प्रतिकृती-नौका म्हणजे मुलांचा खेळ, त्यावर व्याख्यान ते काय द्यावयाचे, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळण्याचे कुळ मोठे आहे. निकोला टेस्ला या थोर संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पाण्याच्या एका हौदात, तारेवाचून चालणारी लहान लोखंडी नौका लोकांना दाखविली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यास तिचे अमेरिकन पेटंट मिळाले; त्याचा क्रमांक ६१३,८०९. विद्युत्‌घट नौकेच्या पोटात, हुकूम देणारे यंत्र काठावर, आणि मधे काहीच नाही, हे पाहून प्रेक्षक थक्क झाले. रेडिओवर गाणी आणि बातम्या ऐकू येण्यास त्यानंतर वीसाहून अधिक वर्षे लागली. म्हणजे रेडिओलहरींनी जनसामान्यांसाठी गाणे म्हणावयाच्या आधी सुकाणू फिरवून दाखविले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे कुळ याहून जुने आणि आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) हा इंग्रज अभियंता. मोठे जहाज बांधण्यापूर्वी लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून त्या जहाजाला किती शक्ती लागेल हे सांगता येईल काय, हा प्रश्न त्याने हाती घेतला. १८६७ साली त्याने दोन निरनिराळ्या आकारांच्या नौकांच्या ३, ६ आणि १२ फूट लांबीच्या प्रतिकृती करून डार्ट नदीवर प्रयोग केले. १८७१ साली ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज दुसऱ्या जहाजाने ओढवून, प्रतिकृतीवरून काढलेले अनुमान प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. १८७२ साली टॉर्की येथे त्याने चाचणीचा जो लांब हौद उभारला, त्याच्या वंशातले हौद आज अनेक देशांत आहेत. नवे जहाज समुद्रात जाण्यापूर्वी त्याची प्रतिकृती अशा हौदात जाते.

फ्रूडने जो नियम दिला तो या छंदाचा पाया आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ. जहाज पाणी कापीत जाते तेव्हा लाटा उठतात. प्रतिकृतीच्या लाटांचा आकार खऱ्या जहाजाच्या लाटांशी जुळावयाचा असेल, तर तिचा वेग खऱ्या वेगाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या हिश्शाने ठेवून चालत नाही. लांबीच्या प्रमाणाचे वर्गमूळ घ्यावे लागते. प्रतिकृती १:१०० प्रमाणाची असेल तर वेग दहावा हिस्सा. तासाला २५ सागरी मैल जाणारे जहाज १:१०० प्रमाणात २.५ सागरी मैल, म्हणजे ताशी सुमारे ४.६ किलोमीटर वेगाने चालले पाहिजे. एखादा गृहस्थ सकाळी फिरावयास निघाला आहे अशी ती चाल होते. पुष्कळ हौशी मंडळी याहून तिप्पट-चौपट वेगाने जहाज पिटाळतात, आणि मग युद्धनौका रुबाबाने न जाता पाण्यावरच्या किड्यासारखी धावते.

जो नियम वेगाचा, तोच काळाचा. समजा एखादे जहाज समुद्रात एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलून परत येण्यास १४ सेकंद घेते. १:१०० प्रमाणात हे डोलणे १.४ सेकंदात उरकते, १:५० प्रमाणात सुमारे २ सेकंदांत, आणि १:२५ प्रमाणात २.८ सेकंदांत. आमच्या मते मोठ्या प्रतिकृतीचे सारे आकर्षण या आकड्यांत आहे. लहान नौका पाण्यावर थरथरते, मोठी डोलते. छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतील. पण काठावर उभे राहून पाहणाऱ्याला मोठी नौका जहाज वाटते, लहान नौका खेळणे वाटते. शिवाय पाण्याचे थेंब आणि फेस हे काही प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे नौका जितकी लहान तितका हा विसंवाद डोळ्यांत भरतो. मोठे जहाज करण्याची हौस केवळ बडेजावाची नसते, हे यावरून ध्यानी येईल.

आता या हौसेची किंमत पाहू. आपल्या परिचयाचे एक जहाज घेऊ. १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झालेली पहिली ‘विक्रांत’ आपणांपैकी अनेकांनी मुंबईस पाहिली असेल. १९९७ साली निवृत्त झाल्यावर ती काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४-१५ मध्ये ती मोडण्यात आली. तिची लांबी सुमारे २१३ मीटर, आणि पूर्ण भारासह वजन सुमारे १९,५०० टन. आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणे तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. प्रतिकृती खऱ्या जहाजाइतकीच, म्हणजे त्याच पाणरेषेपर्यंत बुडावयाची असेल, तर तिने बाजूस सारावयाचे पाणी लांबीत शतांश, रुंदीत शतांश आणि खोलीतही शतांश होते. शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा लाख. टनाचे दहा लाख भाग केले की ग्रॅम येतो. तेव्हा १:१०० प्रमाणाचा हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे: जितके टन, तितके ग्रॅम. आपली विक्रांत २ मीटर १३ सेंटिमीटर लांब होईल आणि तिचे वजन साडेएकोणीस किलो भरेल.

आता कोणी म्हणेल, जरा मोठी करू, १:५० घेऊ. लांबी दुप्पट, म्हणजे सव्वाचार मीटर. पण वजन दोनदा दुप्पट करून भागत नाही. ते आठपट होते, म्हणजे १५६ किलो. आणखी एकदा दुप्पट करून १:२५ घेतले तर लांबी साडेआठ मीटर आणि वजन जवळजवळ साडेबाराशे किलो. लांबी दुप्पट केल्याने डोलण्याचा काळ किती वाढला? सुमारे १.४ पट. म्हणजे मिळकत वर्गमुळाने वाढते आणि खर्च घनाने वाढतो. या एका वाक्यात या छंदातील बहुतेक सारे शहाणपण सामावले आहे. कोणताही व्यापारी ज्या सौद्यास हात लावणार नाही, तो सौदा हौशी माणूस उत्साहाच्या भरात करून बसतो, कारण कागदावर त्याला लांबी दिसते, घन दिसत नाही.

घनाने भल्याभल्यांना गाठले आहे. बुडालेली ‘टायटॅनिक’ वर काढण्याच्या कल्पनेवरचा एक इंग्रजी चित्रपट १९८० साली निघाला. त्यासाठी त्या जहाजाची सुमारे ५५ फूट लांबीची आणि १० टनांच्या आसपास वजनाची प्रतिकृती करण्यात आली. खरी टायटॅनिक ८८२ फूट ९ इंच लांब होती; म्हणजे प्रमाण सुमारे १:१६. प्रतिकृती तयार झाली, पण ती बुडवावी-तरंगवावी असा पुरेसा मोठा हौद नव्हता. तिच्यासाठी माल्टा बेटावर नवा खोल हौद बांधावा लागला. चित्रपट पडला. निर्माते लू ग्रेड यांनी पुढे, याहून अटलांटिक महासागरच खाली उतरविणे स्वस्त पडले असते, अशा अर्थाचा विनोद केल्याचे प्रसिद्ध आहे. क्रूसोचा कालवा आणि माल्टाचा हौद ही एकाच जातीची कामे होत.

मग मोठ्या नौका कोणी करूच नयेत काय? तसे नव्हे. ज्यांनी यशस्वीपणे केल्या, त्यांनी वाटेचा प्रश्न कसा सोडविला ते पाहावे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कारबरो नावाचे गाव आहे. तेथील पीझम पार्कच्या तलावात १९२७ सालापासून उन्हाळ्यात सागरी लढाईचा खेळ होत आला आहे. त्यातील मोठ्या युद्धनौका सुमारे २० फूट लांबीच्या. तेथील नगरसंस्थेचे कामगार आत बसून त्या चालवीत. फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराजवळ पोर्ट रेव्हेल येथे १९६७ साली जहाजांचे कप्तान आणि वाटाडे यांच्यासाठी शाळा निघाली. तेथील जहाजे १:२५ प्रमाणाची आहेत आणि शिकणारा स्वतः त्यांत बसतो. फ्रूडच्या नियमाने तेथे काळ पाचपट वेगाने धावतो. खऱ्या जहाजावर पाच मिनिटांत जे घडते ते येथे एका मिनिटात घडते. या दोन्ही ठिकाणची जहाजे प्रचंड आहेत. पण ती तलावाशीच राहतात. त्यांना जिना नाही, मोटार नाही, रस्ता नाही. मोठ्या नौकेचा पहिला मार्ग हा: पाण्याकाठी घर असावे.

नगरात राहणाऱ्या सामान्य माणसाला तो मार्ग बंद असतो. त्याच्यासाठी दोन मार्ग उरतात: नौका बेताची करणे, किंवा ती तुकड्यांत नेता येईल अशी करणे. दोन्हींसाठी आराखडा उलट्या टोकाने काढावयाचा असतो. प्रथम तलावाचा काठ पाहावा: तेथे उतार आहे की पायऱ्या, पाणी कोणत्या ऋतूत किती मागे हटते, गाडी काठापासून किती अंतरावर थांबते. मग गाडीची आतली लांबी मोजावी. मागची आसने पाडून, आणि दार बंद करून. मग घराचे दार, जिना आणि जिन्याचे वळण मोजावे. घरातील आतली दारे साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर रुंद असतात. विक्रांतच्या विमाने उतरण्याच्या छताची रुंदी सुमारे ३९ मीटर होती. १:५० प्रमाणात ती ७८ सेंटिमीटर होते. म्हणजे अनेक घरांत हे जहाज दारातच अडकेल, आणि ते कळण्यास तीन वर्षे थांबण्याचे कारण नाही. यावर एक सोपी युक्ती आहे. चार बांबूच्या काठ्या आणि सुतळी घेऊन योजलेल्या नौकेच्या लांबी-रुंदी-उंचीचा सांगाडा बांधावा आणि तो दोघांनी घेऊन खोलीपासून गाडीपर्यंत व गाडीतून तलावाच्या पाण्यापर्यंत एकदा न्यावा. शेजारी हसतील, हसू द्यावे. सांगाडा जेथे अडतो तेथे नौका अडणार, आणि सांगाडा कापून लहान करण्यास एक मिनिट पुरते.

मापानंतर वजन. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात पुरुषाने उचलावयाच्या वजनाचा ठोकताळा २५ किलो आणि स्त्रीने उचलावयाचा १६ किलो दिला आहे. पण तो वस्तू कमरेच्या उंचीवर आणि अंगाला लागून असेल तेव्हाचा. हात लांब झाले, किंवा वस्तू पायांशी असली, की हा आकडा झपाट्याने उतरतो. आता नौका पाण्यात सोडण्याचा क्षण डोळ्यांपुढे आणा: माणूस ओल्या दगडावर वाकलेला, हात पुढे लांबलेले, आणि ओझे पायांच्याही खाली. उचलण्याची जी सर्वांत वाईट रीत, ती येथे अपरिहार्य होते. म्हणून साडेएकोणीस किलोची नौका एकट्याने उचलणे, तेही काठावर, हे आम्ही कोणासही सुचविणार नाही.

येथे नौकेचा एक स्वभाव आपल्या मदतीस येतो. नौकेला वजन पाण्यात पाहिजे असते. वाटेत ते कोणास नको असते. आपल्या कोकणातील जुनी गलबते रिकामी निघाली की तोल राहावा म्हणून तळाशी दगड भरीत. त्या भाराला नीरम म्हणत. प्रतिकृतीचे नीरम असेच सुटे ठेवावे. आपल्या २ मीटर १३ सेंटिमीटर लांबीच्या विक्रांतचा जमाखर्च उदाहरणादाखल असा मांडता येईल: सांगाडा, फळ्या व तक्तपोशी मिळून ६ किलो, मोटारी, पंख्यांचे दांडे व सुकाणूची यंत्रे २ किलो, वरचे बांधकाम दीड किलो, विद्युत्‌घट ४ किलो, आणि शिशाचे नीरम ६ किलो. शेवटच्या दोन रकमा सुट्या असल्या, वरचे बांधकाम वेगळ्या पेटीत असले, की काठावर उचलावयाचे ओझे ८ किलो उरते. ते दोघांना फुलासारखे आहे. रिकामी नौका गुडघाभर पाण्यात तरंगू द्यावी, आणि मग एकजण तिला धरीत असता दुसऱ्याने शिशाच्या विटा व घट एकेक करून ठरल्या जागी ठेवावेत. जागांवर अंक घालावेत आणि विटा हलणार नाहीत अशा खोबणी कराव्यात. डोलताना एक वीट सरकली की बाकीच्या तिच्या मागे जातात. नीरम म्हणून सुटे पाणी मात्र पोटात कधीही घेऊ नये. नौका ज्या कुशीवर कलेल त्याच कुशीस ते पाणी धावते आणि तिला आणखी कलविते.

वजनाचा हिशेब आणखी एका कारणाने जपावा लागतो. नौकेत किती वजन आहे याइतकेच ते किती उंचीवर आहे यालाही महत्त्व असते. इंग्रज नौदलाची ‘कॅप्टन’ ही युद्धनौका ७ सप्टेंबर १८७० रोजी वादळी वाऱ्यात उलटली आणि सुमारे ४८० माणसे बुडाली. तिची कल्पना मांडणारे कूपर कोल्स हेही त्यांत होते. बांधता बांधता ती नौका आराखड्यापेक्षा कित्येक शे टनांनी जड झाली होती. त्यामुळे पाण्यावर तिची जेवढी बाजू उघडी राहावयास हवी होती तेवढी राहिली नाही, आणि वर तर शिडांच्या उंच डोलकाठ्या होत्या. थोडे थोडे वजन कोणाच्याही नजरेत न येता चढत गेले. प्रतिकृतीतही हेच घडते. एक तोफ, एक होडी, कठड्याच्या चार तारा, रंगाचा आणखी एक हात. प्रत्येक वस्तू हलकी, पण सारा भार उंचावर. म्हणून कामाच्या जागी तराजू आणि वही असावी, आणि नौकेत जाणारा प्रत्येक जिन्नस तोलून वहीत चढवावा. पाणरेषेच्या वरचे सारे पातळ आणि हलके, खालचे भक्कम, हा नियम. पहिली चाचणी मोठ्या टबात वा हौदात घ्यावी: नौका हाताने एका बाजूस कलवून सोडली की ती ठामपणे सरळ झाली पाहिजे. आळसावून सावकाश वर येत असेल तर ती धोक्याची खूण समजावी.

बांधणीची पद्धत खऱ्या लाकडी जहाजासारखीच. मधोमध कणा, त्यावर प्लायवुडच्या फासळ्या, फासळ्यांवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या, आणि त्यांवर काचतंतूंचे कापड रेझिनने चिकटवून पाणी अडविणारे कवच. रेझिनचे काम उघड्या हवेशीर जागी करावे आणि काचेचे कवच घासताना तोंडावर योग्य मुखवटा बांधावा. ती धूळ फुप्फुसांस वाईट असते. नौका दोन तुकड्यांत करावयाची असेल तर जोड आराखड्यातच ठरवावा. पूर्ण झालेली नौका मागाहून कापणे हे काम नव्हे, शिक्षा आहे. जोडाच्या जागी दोन फासळ्या एकमेकींस टेकवून बांधाव्यात, म्हणजे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पाणबंद होतो. मधे रबराची पट्टी घालून बोल्ट आवळावेत. जोड शक्यतो यंत्रांच्या जागेपासून दूर असावा, म्हणजे पंख्याचा दांडा त्यातून जाणार नाही.

नौका पाण्यावर असते तेव्हा पाणी तिला नाळेपासून पिछाडीपर्यंत सर्वत्र उचलून धरते. घोडीवर ठेवली की ती दोनच जागी टेकते, आणि मधे किंवा टोकांना झुकू पाहते. सारख्या जाडीच्या लांब तुळईला दोन आधार द्यावयाचे तर ते टोकांपासून लांबीच्या सुमारे एक-पंचमांश अंतरावर दिले असता तुळई कमीत कमी वाकते, असे गणित सांगते. नौकेच्या घोडीलाही हाच नियम लावावा, आणि आधार नेमके फासळीच्या खाली येतील असे पाहावे. दोन फासळ्यांमधल्या पातळ कवचाला टेका दिला तर रस्त्यावरचा एखादा खड्डा तेथे भेग पाडतो. घोडीला खाली दोन चाके लावली की काठाचे काम निम्मे होते. मासेमार होडी ओंडक्यांवरून ढकलीत नेतात, ती उचलीत नाहीत. तसे ही गाडी उतारावरून पाण्यात लोटीत न्यावी; नौका आपोआप तरंगते आणि गाडी खालून काढून घेता येते. परतताना हीच कृती उलट करावी.

प्रवासात नौकेपेक्षा घटांची काळजी अधिक घ्यावी. शिशाचे घट जड असतात, पण जडपणा येथे गुण आहे, कारण ते नीरमाचे काम करतात. त्यांची टोके मात्र झाकलेली असावीत, कारण एखादी पक्कड आडवी पडली तरी ठिणगी उडते. लिथियमचे घट हलके आणि बलवान, पण चेपले, भोसकले वा नको तितके भारले गेले तर पेट घेऊ शकतात. ते वेगळ्या पेटीत, उन्हात तापलेल्या गाडीत न ठेवता न्यावेत. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सुटे लिथियम घट मोठ्या सामानात देता येत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतचे हातसामानात चालतात आणि त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते.

आता राहिले नियंत्रण. टेस्लाच्या नौकेत धातूच्या किसाची नळी लहर ओळखीत असे. आज काडेपेटीएवढे ग्राहकयंत्र ते काम करते. पूर्वी प्रत्येक नौकेची लहर वेगळी ठेवावी लागे, नाही तर एकाच्या हुकुमाने दुसऱ्याचे सुकाणू फिरे. हल्लीची २.४ गिगाहर्ट्‌झची यंत्रे आपापली जोडी स्वतः ओळखतात, त्यामुळे ती आपत्ती टळली. पण या लहरी पाण्यात फार आत शिरत नाहीत. म्हणून ग्राहकाची तार पाणरेषेच्या वर, शक्य तेवढी उंच असावी. संदेश तुटला तर मोटार आपोआप थांबेल अशी व्यवस्था हल्लीच्या बहुतेक यंत्रांत असते. ती प्रत्येक फेरीपूर्वी, काठावर नौका धरून आणि हातातील यंत्र बंद करून तपासावी. वीस किलोची नौका चालीच्या वेगाने जात असली तरी ती चटकन थांबत नाही. तिच्यापुढे पोहणारे मूल असू नये, हे पाहणे चालविणाऱ्याचे काम आहे.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. नौका मधेच बंद पडते, क्वचित बुडते. तिच्या पोटात न भिजणाऱ्या फोमचे तुकडे भरून ठेवावेत. वर दिलेल्या जमाखर्चाच्या नौकेला १० ते १२ लिटर फोम तरंगती ठेवण्यास पुरावा, कारण लाकूड स्वतःचा भार स्वतः वाहते. ओढून आणण्यासाठी दुसरी लहान नौका किंवा दोरीला बांधलेला चेंडू जवळ असावा. पण तीन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत बुडताना पाहून कोणी धरणाच्या वा तलावाच्या पाण्यात उडी घेता कामा नये. तळाचा गाळ, शेवाळ आणि थंड पाणी यांना आपल्या मेहनतीची किंमत नसते. म्हणून आरंभीच मनाशी ठरवावे: नौका बुडाली तर पुन्हा बांधू.

एकंदरीत पाहता, या छंदात हात चालतो तितकीच वही चालली पाहिजे. लांबी ठरविण्यापूर्वी घन काढावा, घन काढण्यापूर्वी जिना मोजावा, आणि जिना मोजण्यापूर्वी तलावाच्या काठावर एकदा नुसतेच जाऊन उभे राहावे. आपणांपैकी कोणास, विशेषतः शाळा-महाविद्यालयांतील तरुणांस, हे करून पाहावेसे वाटले तर त्यांनी पहिली नौका मीटरभर लांबीची करावी. ती काखेत मारून सायकलवरून नेता येते, आणि फ्रूडचा नियम तिलाही लागू पडतो. क्रूसोनेही पुढे दुसरी, लहान होडी केली; ती मात्र पाण्यात गेली.